हिंदुराव मिस्त्रींचा आवाज

मिस्त्रींनी हातभर लांबीच्या डिसमिसचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक चालू इंजिनाला टेकवलं, त्याची लाकडी मूठ दातांत घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले.

गाडी इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्याची होती. तो बिचारा पहिल्यांदाच आमच्याकडे आला होता. त्याला वाटलं असणार, म्हातारा आता आपली बुलेट चावून खातो की काय. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी नुसतं हातानं 'थांबा' केलं. अशी तोंडं मला रोज बघायला मिळायची आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजा वाटायची.

"अहो, पण आवाज वरनं येतोय, ते खाली काय बघतायत?" यंत्रमागवाला म्हणाला.

मिस्त्रींनी मूठ दातांतून काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणत्यात रं?"

मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "आवाज वरनं येतोय म्हणत्यात!"

"येतोय वरनं, पर हाय खालचा. कनेक्टिंगची बुशी गेलीया. सांग त्यास्नी."

मी सांगितलं. संध्याकाळी इंजिन उघडलं, तर बुश गेलेलाच होता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात हिंदुराव मिस्त्रींचं दुकान म्हणजे दोन पत्र्यांखालची जागा, पाटी नाही, काही नाही. साडेतीनशे सीसीच्या, एका सिलिंडरच्या जुन्या गाड्या सोडून दुसऱ्या गाडीला ते हात लावायचे नाहीत. मी त्यांच्याकडे लागलो तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि ही गोष्ट घडली तेव्हा सव्वीस. त्या आठ वर्षांत त्यांचे कान हळूहळू गेले. आयुष्यभर उघड्या सायलेन्सरपाशी बसल्यावर दुसरं काय होणार? पण त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं, कारण गिऱ्हाइकाचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोहोचवायला मी होतो. इंजिनाचं बोलणं त्यांना दातांतून, कवटीच्या हाडांतून कळायचं. माणसांचं माझ्या तोंडून. गिऱ्हाईक आलं की ते त्याला दाराकडे तोंड करून उजेडात उभं करायचे आणि माझ्याकडे बघून विचारायचे, "काय म्हणत्यात रं?" पाने-पकडी नंतर. माझं पहिलं काम ते होतं.

त्यांची बायको, आक्का, दुपारी डबा घेऊन यायची. ती मात्र त्यांच्याशी कधी ओरडून बोलली नाही. समोर बसायची, हळू आवाजात काहीतरी पुटपुटायची आणि मिस्त्री मान हलवायचे. मला वाटायचं, इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवराबायकोला बोलायला लागतच नसेल.

आता मिस्त्रींच्या स्वतःच्या गाडीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

काळी गाडी. टाकी त्यांनी स्वतः ठोकून बारीक केलेली, मडगार्ड आखूड, चकचकाट कुठेच नाही. उभी असली तर कुणी वळून बघणार नाही. पण चालू झाली की रस्त्यावरचे लोक बोलता बोलता थांबायचे. उखळात मुसळ पडावं तसा आवाज. एक ठोका, मग मोकळी जागा, मग दुसरा ठोका. इतक्या सावकाश की आता बंद पडली असं वाटावं, आणि ती पडायची नाही. आणि तिसऱ्या गिअरमध्ये वीसच्या स्पीडला मूठ पिळली की गाडी न कण्हता, न खोकता मागून कुणी ढकलल्यासारखी पुढे जायची. असा आवाज आणि असा पिकअप एकाच गाडीत मी पुन्हा बघितला नाही.

त्यातली गोम कॅममध्ये होती. व्हॉल्व्ह कधी उघडायचे, कधी मिटायचे हे कॅमच्या उंचवट्यावर ठरतं. मिस्त्रींनी तो कॅम कानशीनं आणि पॉलिश दगडानं स्वतःच्या हातानं घडवला होता. किती वर्षं घालवली कोण जाणे. माणसं लांबून यायची, हातापाया पडायची, "मिस्त्री, तुमच्यासारखा आवाज करून द्या." मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं.

"ही एकच गाडी. दुसरी हुनार न्हाई."

का, ते कुणाला सांगायचे नाहीत. मलाही नाही. पोर्ट घासून गुळगुळीत करायला शिकवलं, कार्ब्युरेटर कानावर सेट करायला शिकवलं, सायलेन्सरची आतली जाळी कुठे कापायची आणि कुठे ठेवायची ते शिकवलं. कॅमचं नाव काढलं की उठून चहाला जायचे. आणि एवढी गाडी असून ती कधी पन्नासच्या वर पळवायचे नाहीत. उद्यमनगरातली पोरं मागून ओरडायची, "मिस्त्री, वरातीला निघालाय काय?" त्यांना ऐकू यायचं नाही म्हणून मी हसून घ्यायचो.

त्या वर्षी माझी सोयरीक गडहिंग्लजच्या एका घरात अडली होती. मुलीच्या बापानं सगळं बघितलं, शेती बघितली, घर बघितलं, आणि शेवटी विचारलं, "पोराचं स्वतःचं दुकान हाय का दुसऱ्याकडं कामाला?" आईनं खाली मान घातली. मला ती मान खाली गेलेली फार लागली. आठ वर्षं राबून मी कोण होतो? हिंदुराव मिस्त्रीचा केरबा. म्हाताऱ्याचा भोंगा.

त्याच महिन्यात धैर्यशील नलवडे माझ्या आयुष्यात आला.

नलवडे म्हणजे ट्रकवाले. स्टँडच्या मागे त्यांनी नवे गाळे बांधायला काढले होते. धैर्यशील हा आबासाहेब नलवड्यांचा पुतण्या. बाप लहानपणीच गेलेला आणि चुलत्यानं लाडावून ठेवलेला. बावीस वर्षांचा, गोरा, उंच, हसला की समोरचा विरघळायचा. मिस्त्रींनी त्यालाही ठरलेलं उत्तर दिलं. तो बाहेर आला आणि चहाच्या गाड्यावर माझ्या शेजारी बसला.

"केरबा, म्हाताऱ्याचं जाऊ दे. तू करशील का?"

"मला कॅम कुठं माहितीय?"

"गाडी तर तुमच्या दुकानातच असती की." तो हसला. "काकांचे गाळे दिवाळीनंतर तयार होतात. त्यातला एक केरबा मिस्त्रीचा. शब्द देतो."

'केरबा मिस्त्री' हे दोन शब्द तोपर्यंत कुणी एकत्र उच्चारलेले नव्हते. मी दोन दिवस त्यांच्यावरच जगलो.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. आदल्या दिवशी सगळे पाने, पकडी, हातोड्या रॉकेलनं धुवायच्या, फळीवर ओळीनं मांडायच्या. मिस्त्री प्रत्येकाला हळदकुंकू लावायचे, गाडीला झेंडूचा हार घालायचे, नारळ फोडायचे. मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर ते आपल्यासाठी राबतात, त्यांनाही एक दिवस विसावा. पूजा झाली की मिस्त्री आणि आक्का एसटीनं राधानगरीकडच्या त्यांच्या गावाला जायचे. दुकानाची किल्ली माझ्याकडे असायची. आठ वर्षं असायची.

त्या दिवशी दुपारी सगळं उद्यमनगर चिडीचूप असताना मी दुकान आतून लावून घेतलं. फळीवरून बाराचा पाना उचलला. त्याच्यावरचं हळदकुंकू माझ्या बोटांना लागलं. एक क्षण थांबलो, हे खोटं सांगणार नाही. मग पाना लुगड्याच्या चिंधीला पुसला आणि मिस्त्रींच्या गाडीचं टायमिंग कव्हर उघडलं.

कॅम बाहेर काढून हातावर घेतला. त्याच्यावरून अंगठा फिरवला तेव्हा अंगावर काटा आला. मिटणाऱ्या बाजूचा उतार मी बघितलेल्या कुठल्याही कॅमपेक्षा खडा होता. व्हॉल्व्ह आपल्या जागी बसायच्या ऐवजी धपकन पडत असणार. तो ठोका, ती मोकळी जागा, सगळं त्या उतारात होतं. मी पातळ पत्रा घेतला आणि कापत, घासत, लावून बघत त्याचा फर्मा तयार केला, म्हणजे कॅमच्या उंचवट्यावर नखाइतकीही फट न ठेवता बसेल असा पत्र्याचा तुकडा. ऊन उतरायच्या आत कॅम जागच्या जागी बसवला, हार पुन्हा घातला, पाना फळीवर ठेवला आणि देव्हाऱ्यातलं हळदकुंकू घेऊन त्याला नवीन बोट ओढलं.

दसऱ्याला सकाळी मिस्त्री आले. फळीपाशी गेले. बाराचा पाना हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

"हळद ह्या अंगाला लावली हुती व्हय रं आपण?"

"असंल की!" मी ओरडलो.

त्यांनी मान हलवली. संध्याकाळी मला आपट्याची पानं दिली, पाठीवरून हात फिरवला. नेहमीसारखाच.

नलवड्यांच्या मळ्यातल्या, कुणी फिरकत नसलेल्या जुन्या शेडमध्ये मी धैर्यशीलची गाडी केली. सुट्टीचे दिवस आणि पहाटेचे दोन-दोन तास असे सव्वा महिना लागले. फर्मा लावून कॅम घासला, पोर्ट आरशासारखे केले, हेड थोडं उतरवलं, सायलेन्सर स्वतः वाकवून बनवला. त्याला दिसायलाही गाडी वेगळी हवी होती. टाकीवर तांब्याच्या रंगाच्या रेघा, मागं रुंद टायर, हँडल खाली ओढलेलं, त्यावर मोठा गोल आरसा. पहिली किक मारली आणि शेडमध्ये मिस्त्रींचा आवाज उभा राहिला. धैर्यशीलनं मला उचलूनच घेतलं. मी रडलो. काय सांगू, आनंदानं रडलो.

एकच अट घातली होती. कुणी विचारलं तर बेळगावला केली म्हणायचं. चुलत्यालाही खरं सांगायचं नाही. गाळा हातात आल्यावर बघू.

पण बावीस वर्षांच्या पोराच्या पोटात असली गाडी किती दिवस राहणार? चौथ्या दिवशी तो तिच्यावर बसून थेट उद्यमनगरात आला.

लांबूनच आवाज आला. समोरचा लेथवाला बाहेर येऊन म्हणाला, "मिस्त्री कुठं गेलते?" आणि वळून बघतो तर मिस्त्री दुकानात बसून कार्ब्युरेटर धूत होते, त्यांची काळी गाडी शेजारी उभी होती. दहा-बारा जण गोळा झाले. मी दोन पावलं मागं सरकलो. मग वाटलं, घाबरतोयस कशाला? म्हाताऱ्याला ऐकू कुठं येतंय?

मिस्त्रींनी माणसं जमलेली बघितली आणि हात पुसत उठले. गाडीभोवती एक फेरी मारली. टाकीवरच्या रेघा बघून जरा हसले. मग आत गेले आणि लांब डिसमिस घेऊन आले.

त्यांनी टोक टायमिंग कव्हरला लावलं, मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले.

एवढा वेळ त्यांना मी कधीच तसं बघितलं नव्हतं. कपाळावरची शीर उडत होती. लोक हसायचे थांबले. शेवटी त्यांनी मूठ दातांतून काढली, तेव्हा ती पुसलीसुद्धा नाही.

"कुनी केली?"

"बेळगावला!" धैर्यशील ओरडला.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं नाही. गाडीकडे बघतच बोलले.

"बेळगावच्या मिस्त्रीला म्हणावं, हात लई चांगला हाय. पर ह्यो कॅम काढून टाक. आजच्या आज. आनि काढस्तवर पन्नासच्या वर पळवायची न्हाई." मग माझ्याकडे वळले. "केरबा, तू सांग त्याला. नीट समजंल आसं सांग."

मी धैर्यशीलजवळ गेलो. शब्दन् शब्द सांगितला, त्यात खोट नव्हती. पण मिस्त्रींकडे पाठ होती माझी आणि सांगताना मी डोळा मारला.

धैर्यशील खो-खो हसला, मूठ पिळली आणि गेला.

माझ्या मनात तेव्हा एकच गोष्ट होती, म्हातारा जळतोय. आपला आवाज दुसऱ्यानं काढला, तोही त्याच्याच हाताखालच्या माणसानं, हे त्याला सहन होत नाही. त्या संध्याकाळी मी मळ्यात जाऊन कॅम काढू शकलो असतो. दोन तासांचं काम. पण काढला असता तर माझ्या गाडीत चूक होती हे कबूल करावं लागलं असतं, आणि गाळा, आणि गडहिंग्लज. मी गेलो नाही. रात्री जेवलो, झोपलो, झोपही चांगली लागली.

त्यानंतर अकराव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, कागलच्या पुढे हायवेवर धैर्यशीलची गाडी शंभरच्या वर असताना इंजिन जागेवर जाम झालं. मागचं चाक आवळलं गेलं. तो रस्त्यावर पडला आणि घासत दुभाजकापर्यंत गेला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात संपला. शुद्धीवर आलाच नाही. बेळगाव ही थाप होती हे आणि माझं नाव, दोन्ही त्याच्याबरोबर गेली.

मातीला मी गेलो होतो. आबासाहेब नलवडे, एवढा धिप्पाड माणूस, दोघांनी धरून आणला होता. मी गर्दीच्या मागे उभा राहिलो.

तेरावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दुकानासमोर टेम्पो थांबला. आबासाहेब आणि त्यांची दोन माणसं उतरली. माणसांनी टेम्पोतून धैर्यशीलच्या गाडीचं इंजिन काढलं आणि मिस्त्रींच्या पुढ्यात जमिनीवर टाकलं. हेड काढलेलंच होतं. पिस्टनला भोक पडलं होतं आणि त्यात व्हॉल्व्हचा तुकडा रुतून बसला होता. बघितल्याबरोबर मला समजलं. त्या खड्या उतारावरून व्हॉल्व्ह हळू वेगात झकास पडायचा. जोरात पळवलं की त्याला मिटायला वेळच मिळायचा नाही आणि पिस्टन येऊन त्याच्यावर आदळायचा. मिस्त्रींना हे पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून पन्नास. म्हणून ही एकच गाडी.

सगळी गल्ली गोळा झाली होती. मिस्त्री स्टुलावरून उठले. सवयीनं आबासाहेबांच्या दंडाला धरून त्यांना जरा दाराकडे वळवलं, उजेडात. आबासाहेबांनी दंड झटकला.

"अख्खं उद्यमनगर सांगतंय," आबासाहेबांचा आवाज फाटला होता, "हा आवाज एकाच दुकानाचा. मला फक्त एवढं सांगा, माझ्या पोराची गाडी कुणी केली?"

मिस्त्री आबासाहेबांच्या तोंडाकडे बघत होते. मग ते सावकाश माझ्याकडे वळले.

"काय म्हणत्यात रं?"

आठ वर्षांत हा प्रश्न मी हजारदा ऐकला होता. ह्या वेळी मी लगेच कानाशी वाकलो नाही. प्रश्न तर सरळ होता. 'पोराची गाडी कुणी केली असं विचारतायत' एवढंच ओरडायचं होतं. मग मिस्त्री म्हणाले असते, मी न्हाई. मग आबासाहेबांनी विचारलं असतं, मग कुणी? आणि मग सगळ्यांची डोकी एकाच माणसाकडे वळली असती.

मी मिस्त्रींच्या कानाशी वाकलो. आबासाहेबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आणि मिस्त्रींना ऐकू जाईल असं मला वाटलं इतक्या मोठ्यानं म्हणालो, "विचारत्यात, हा आवाज तुमचा का?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे ओलसर होते, म्हाताऱ्या माणसांचे असतात तसे. मग आबासाहेबांकडे वळले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "व्हय. माझाच."

आबासाहेबांनी त्यांच्यावर हात उचलला नाही. उचलला असता तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटतं. त्यांनी कोपऱ्यातला मोठा हातोडा घेतला आणि मिस्त्रींच्या काळ्या गाडीचं इंजिन फोडायला सुरुवात केली. बीडाचे तुकडे उडत होते. खंडेनवमीचा वाळलेला हार अजून हँडलला होता, तो खाली पडला. मिस्त्री भिंतीला टेकून बघत उभे राहिले. लोकही बघत राहिले. कुणीतरी म्हणालं, "बेळगावचं सोंग केलं आणि म्हाताऱ्यानं पोरगं खाल्लं." दुसऱ्यानं त्यापेक्षा वाईट काहीतरी म्हटलं. मी हातात सोळाचा पाना धरून उभा होतो. तो खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी लांब डिसमिस तेवढं उचललं आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी कळलं, दोघं गावाला गेले.

तीन आठवड्यांनी आक्का एकटी आली. मी दुकान उघडून बसलो होतो, पण गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. तिनं माझ्यासमोर एक कागद ठेवला.

"दुकानाचं भाडं आता तुझ्या नावावर. जागेच्या मालकाशी बोलून आल्यात ते. सही कर म्हणजे झालं."

"आक्का, मिस्त्री कसे आहेत?"

"हायत."

"मी येऊन जातो एकदा."

"नगो." ती तेवढंच म्हणाली. मग कागद माझ्याकडे सरकवत, "तोंड दावू नगो म्हणालेत."

मला विचारायचं होतं, त्यांना सगळं कळलंय का? पण शब्द बाहेर आलाच नाही. नुसते ओठ हलले.

"व्हय," आक्का म्हणाली. "कळलंय."

मी तर आवाजच काढला नव्हता.

"आमी घरात आसंच बोलतो की. त्यास्नी ओठावरनं कळतं सगळं. चार वर्सं झाली."

"मग मला कशाला विचारायचे, काय म्हणत्यात म्हणून?"

"आदी गरज हुती. मागनं मी बी म्हणलं, आता कशाला त्या पोराला कोकलाय लावतासा? तर म्हणाले, चार माणसांत बोलाय शिकतंय, शिकू दे. उद्या त्यालाच बसायचं हाय हितं."

मी उजेडाकडे बघितलं. दारातून येणारा तो उजेड, ज्यात ते प्रत्येक माणसाला उभं करायचे. आबासाहेबांनाही केलं होतं. पण धैर्यशील आला त्या दिवशी त्यांच्याकडे माझी पाठ होती. डोळा मारलेला तरी त्यांना दिसला नसेल. मग आठवलं, त्यांच्या आणि माझ्या समोर धैर्यशीलच्या गाडीचा तो मोठा गोल आरसा होता. मीच बसवलेला.

"नलवडे काय ईचारत हुते ते कळलं हुतं त्यास्नी," आक्का म्हणाली. "तुझ्याकडनं ऐकायचं हुतं."

तिनं कमरेची, दुकानाची दुसरी किल्ली काढून कागदावर ठेवली आणि जायला उठली.

"आक्का, मग ते 'माझाच' कशाला म्हणाले?"

ती दारात थांबली. तिचा राग तोपर्यंत तिनं आवरून धरला होता, तो तेव्हा तिच्या तोंडावर दिसला.

"मी बी त्येच ईचारलं. भांडले मी. तर म्हणाले, लोकं शिव्या देणार त्या मला कुठं ऐकू येणार हायत? त्या पोराला येतील."

मिस्त्री सहा वर्षांनी गेले. मातीला जायची हिंमत झाली नाही. लग्न माझं झालं, गडहिंग्लजलाच. दुकान मोठं झालं, दोन पत्र्यांच्या जागी तीन मजले आले, वर 'केबी कस्टम्स' अशी दिव्यांची पाटी आली. तो फर्मा अजून माझ्याकडे आहे. त्याचा उतार मी नंतर सौम्य करून घेतला, त्यामुळे गाड्या कितीही पळवल्या तरी काही होत नाही. आवाज मूळचा राहिला नाही, पण हे ज्याला कळलं असतं असा माणूस आता कुणी उरलेला नाही. पोरं पुण्यापासून, हुबळीपासून येतात, माझ्याबरोबर फोटो काढतात, मला 'सर' म्हणतात. उद्यमनगरातली जुनी माणसं अजून हिंदुराव मिस्त्रींचा विषय निघाला की थुंकतात.

मला मात्र गेल्या अठ्ठावीस वर्षांत कुणी एक शिवी दिलेली नाही. कान माझे अजून चांगले आहेत.